खळीने चिकटविलेले चेहरे

भित्तिपत्रकाचे आयुष्य मोठे थोडे असते. रात्री खळ लावून ते चिकटवावे, सकाळी लोकांनी पाहावे, दुपारी दुसऱ्या कोणी त्यावर आपले चिकटवावे आणि उरलेसुरले पहिल्या पावसाने धुऊन न्यावे. आमच्या वडोदऱ्यातील जुन्या भिंती नाटकांच्या, चित्रपटांच्या आणि निवडणुकांच्या कागदांनी किती थर जाड झाल्या, ह्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पण ज्या देशात एखाद्या माणसाचा नुसता चेहरा छापणे हाच गुन्हा ठरतो, तेथे हा हलका कागद फार जड होतो. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात जी भित्तिपत्रके निघाली, त्यांच्याविषयी वाचकांशी चार गोष्टी बोलाव्यात असे आम्ही योजिले, ते ह्याच कारणाने.

तेथे १९५९ साली तुरुंगांविषयीचा एक कायदा झाला. त्या कायद्याने तुरुंगाचे किंवा कैद्याचे छायाचित्र अथवा रेखाचित्र परवानगीवाचून प्रसिद्ध करण्यास बंदी घातली. नेल्सन मंडेला ह्यांना १२ जून १९६४ रोजी जन्मठेप झाली आणि ते रॉबेन बेटावर गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचा चेहराही कैदेत गेला. त्यांची भाषणे छापता येत नव्हती, त्यांचे चित्र लावता येत नव्हते. पुढील पंचवीस वर्षांत त्या देशात मुले जन्मली, शाळेत गेली, मोठी होऊन मोर्चात उतरली. ज्याच्या सुटकेसाठी ती ओरडत होती तो माणूस दिसतो कसा, हे त्यांतील बहुतेकांना ठाऊक नव्हते. ही गोष्ट आम्ही प्रथम वाचली तेव्हा पुस्तक मिटून क्षणभर स्वस्थ बसलो. राजसत्ता माणसाला कोंडते हे इतिहासात पानोपानी आहे. पण त्याचे नाक-डोळेही कोंडून ठेवण्याइतकी ती चेहऱ्याला भिते, हे नवीन होते.

वर्णभेदाचा इतिहास येथे विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. १९४८ साली तेथे नॅशनल पक्ष सत्तेवर आला. १९५० साली माणसांची वर्णानुसार नोंदणी करणारा आणि कोणत्या वर्णाने कोठे राहावे हे ठरविणारा, असे दोन कायदे झाले. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पोलिसांनी ६९ माणसे मारली आणि लगोलग आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवर बंदी आली. आपल्या देशाने तर १९४६ सालीच त्या सरकारशी व्यापार तोडला होता. ज्यांनी जुने भारतीय पासपोर्ट पाहिले असतील, त्यांना दक्षिण आफ्रिकेसाठी हा पासपोर्ट चालणार नाही, ही त्यावरील नोंद आठवत असेल.

उघड बोलणारे तुरुंगात गेले किंवा देशाबाहेर गेले. बाहेर गेलेल्यांपैकी काही जण शेजारच्या बोट्स्वाना देशाच्या राजधानीत, गाबोरोनी येथे जमले. हे शहर सरहद्दीपासून हाकेच्या अंतरावर आहे. तेथे १९७९ च्या सुमारास त्यांनी एक मंडळ काढले आणि त्याला नाव दिले 'मेडू'. तिकडच्या सोथो भाषेत मेडू म्हणजे मुळे. ज्यांची मुळे उपटली गेली त्यांनी आपल्या मंडळाला हे नाव द्यावे, हे आमच्यातील भाषाशिक्षकाला विशेष भावले. मेडूत संगीताचा विभाग होता, नाट्याचा होता, छायाचित्रणाचा आणि प्रकाशनाचाही होता. कवी मोंगाने वॉली सेरोटे त्यात होते, ट्रम्पेटवादक ह्यू मासेकेला त्यात होते. पण आज मेडूचे नाव टिकून आहे ते त्यांच्या चित्रविभागाने केलेल्या भित्तिपत्रकांमुळे.

त्या विभागातील ठळक नाव थामी म्न्येले ह्यांचे. त्यांचा जन्म १९४८ सालचा, म्हणजे ज्या वर्षी वर्णभेद राजधोरण झाला त्याच वर्षीचा. जोहान्सबर्गजवळच्या अलेक्झांड्रा ह्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत ते वाढले. चित्रकलेचे रीतसर शिक्षण म्हणावे तर १९७३ साली नाताळ प्रांतातील रॉर्क्स ड्रिफ्ट येथील कलाकेंद्रात घालविलेला थोडा काळ, एवढेच. हात मात्र पेन्सिलीवर विलक्षण बसलेला होता. मेडूतील मंडळी स्वतःस 'कलावंत' म्हणवून घेत नसत. 'सांस्कृतिक कामगार' म्हणत. हा शब्द कानाला रुक्ष लागतो खरा. परंतु त्यामागे अर्थ होता. चित्र काढणाराने सभेच्या खुर्च्याही उचलाव्यात, खळही शिजवावी आणि कागदाचे गठ्ठे सरहद्दीपार कसे जातील ह्याचीही चिंता वाहावी, असा तो शिरस्ता होता.

मेडूचे एक भित्तिपत्रक पुढे फार गाजले. ते जूडी साइडमन ह्या अमेरिकेत जन्मलेल्या चित्रकर्तीचे. ९ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे वीस हजार स्त्रिया प्रिटोरियातील सरकारी कचेरीवर चालून गेल्या होत्या. परवान्याची वही जवळ बाळगण्याची सक्ती कृष्णवर्णीय स्त्रियांवरही येऊ घातली होती, तिचा निषेध करण्यासाठी. लिलियन न्गोयी, हेलन जोसेफ, सोफिया विल्यम्स आणि भारतीय वंशाच्या रहिमा मूसा ह्या त्यांच्या पुढे होत्या. त्या दिवशी गाइलेल्या गीतात स्त्रियांनी स्वतःस खडकाची उपमा दिली होती. त्या उपमेचेच हे चित्र, मोर्चाला पंचवीस वर्षे झाली त्या १९८१ सालात निघाले. ह्या चित्रात स्त्री रडत नाही, मूल छातीशी धरून दयेची याचना करीत नाही, ही त्याची थोरवी. आपल्याकडे राष्ट्रीय चळवळीच्या चित्रांत स्त्री म्हटली की बहुधा भारतमाता किंवा वीरमाता. चालून जाणारी साधी बाई काढायला आपल्या चित्रकारांना फार वेळ लागला, असे आमचे मत आहे. ज्यांना ते पटणार नाही त्यांनी आम्हांला अवश्य लिहावे.

आता हे कागद छापले कसे जात, ते पाहू. कारण ह्या लढ्याचे अर्धे शहाणपण त्या छपाईत आहे. मोठे छापखाने पोलिसांच्या नजरेखाली होते. मालक सहानुभूतीचा असला तरी परवान्याचे भय त्याला होतेच. म्हणून ह्या मंडळींनी धरली ती स्क्रीन प्रिंटिंगची वाट. वाचकांपैकी ज्यांच्या घरी लग्नकार्य झाले आहे त्यांना ही छपाई ठाऊक असेल. पत्रिकेवरचा सोनेरी गणपती बहुधा ह्याच रीतीने उतरतो. लाकडी चौकटीवर रेशमाची किंवा नायलॉनची बारीक जाळी ताणून बसवायची. जेथे शाई नको तेथे जाळीची छिद्रे बुजवायची, मग ती कापलेल्या कागदाने बुजवा किंवा प्रकाशाने घट्ट होणाऱ्या लेपाने. चौकट कागदावर टेकवायची, वर दाट शाई ओतायची आणि रबरी पट्टी एका दमात ओढायची. कारागीर त्या पट्टीला स्क्वीजी म्हणतात. चौकट उचलली की खाली चित्र तयार. वीज नको, यंत्र नको, जड शिसे नको. एक टेबल, दोन माणसे आणि वाळत घालायला दोरी. पोलीस येत आहेत असे कळले तर चौकट काखेत मारून मागच्या दाराने निघता येते.

प्रत्येक रंगाला वेगळी चौकट लागते, म्हणून रंग दोन किंवा तीन. ह्या गरिबीतून एक शैली घडली. सपाट काळा, सपाट तांबडा, जाड रेषा, चेहऱ्यावर छायाप्रकाशाचे दोनच भाग. पन्नास पावलांवरून, चालत्या बसमधूनही तो चेहरा ओळखू येई. त्यातही काळा, हिरवा आणि सोनेरी हे तीन रंग एकत्र वापरणे म्हणजे बंदी असलेल्या काँग्रेसचा झेंडा दाखविणे; ते धाडस वेगळेच. सगळीच भित्तिपत्रके चांगली होती असे मात्र म्हणवत नाही. वळलेली मूठ इतक्यांदा येते की डोळा तिला सरावतो, आणि काही कागदांवर मजकूर एवढा की तो वाचण्यासाठी भिंतीपुढे खुर्ची घेऊन बसावे लागले असते. चळवळीतील माणसांना सगळेच सांगायचे असते. आमच्या शाळेच्या फळ्यावरही हाच दोष नित्य आढळतो.

जुलै १९८२ मध्ये मेडूने गाबोरोनी येथे 'संस्कृती आणि प्रतिकार' ह्या नावाचा महोत्सव भरविला. देशातून चोरून-लपून, आणि कित्येक तर उजळ माथ्याने प्रवासी म्हणून, शेकडो कलावंत तेथे आले. परत जाताना त्यांनी बरोबर एक कल्पना नेली, ती अशी की ही छपाई आपल्या गल्लीतही करता येईल. जोहान्सबर्गला १९८३ साली स्क्रीन प्रिंटिंग शिकविण्याचे एक केंद्रच निघाले. केपटाउनमध्ये 'कम्युनिटी आर्ट्स प्रोजेक्ट' ही संस्था १९७७ पासून होती. तेथे चौकटी आणि शाई आली. तेथे छपाई शिकविणाऱ्यांत लायनेल डेव्हिस हे एक होते. हे गृहस्थ केपटाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स ह्या वस्तीतले. ती वस्ती ११ फेब्रुवारी १९६६ रोजी केवळ गौरवर्णीयांसाठी म्हणून जाहीर झाली आणि पुढे साठ हजारांवर माणसांची घरे पाडली गेली. डेव्हिस तेव्हा घरी नव्हते, रॉबेन बेटावर सात वर्षांची शिक्षा भोगीत होते. सुटल्यावर पाच वर्षे घरात नजरकैद. एवढे भोगून झाल्यावर ह्या माणसाने हाती घेतली ती रबरी पट्टी. आणि कामगारसंघ, महिलामंडळे, भाडेकरूंच्या समित्या, ज्या कोणाला आपली सभा जाहीर करायची असेल त्याला ती धरायला शिकविली. शिक्षणाची ह्याहून सरळ व्याख्या आमच्या पाहण्यात नाही. आमच्या खात्याच्या परिपत्रकांत तर नाहीच नाही.

१९८३ साली सरकारने एक नवी युक्ती काढली. गौरवर्णीयांच्या सभागृहाखेरीज मिश्रवर्णीयांसाठी एक आणि भारतीयांसाठी एक, अशी दोन दुय्यम सभागृहे द्यायची, आणि बहुसंख्य कृष्णवर्णीयांना काहीच द्यायचे नाही. ह्या आमिषाविरुद्ध २० ऑगस्ट १९८३ रोजी केपटाउनजवळ मिचेल्स प्लेन येथे शेकडो संघटनांची 'युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंट' ही आघाडी उभी राहिली. मत देऊ नका, असे सांगणारी भित्तिपत्रके भारतीय वस्त्यांतही लागली. त्याच वर्षी सप्टेंबरात डॉ. युसूफ दादू लंडनमध्ये परागंदा अवस्थेत वारले होते. भारतीय आणि आफ्रिकन काँग्रेस ह्यांना १९४७ साली एकत्र आणणाऱ्यांपैकी ते एक होते. ऑगस्ट १९८४ मधील त्या निवडणुकीत नोंदलेल्या भारतीय मतदारांपैकी जेमतेम पाचांतील एकाने मत दिले. ज्यांचे पूर्वज आमच्याच गुजरातेतून किंवा दक्षिणेकडून गलबतांनी गेले, त्या दुकानदारांनी आणि शिक्षकांनी मोठ्या वाट्यातला लहान तुकडा नाकारला. मंडेलांबरोबर जन्मठेप झालेले अहमद कथ्राडा हे अशाच एका कुटुंबातले; त्यांचे आईवडील सुरतेकडचे. त्यांची सुटका १५ ऑक्टोबर १९८९ रोजी, सव्वीस वर्षांनी झाली.

सन १९८५ ची हकीकत सांगताना लेखणी जड होते. १४ जूनच्या मध्यरात्रीनंतर दक्षिण आफ्रिकेचे सैनिक सरहद्द ओलांडून गाबोरोनीत शिरले आणि त्यांनी अनेक घरांवर हल्ला केला. १२ माणसे मेली. त्यांत थामी म्न्येले होते. वय अवघे ३६. सैनिकांनी जाताना त्यांच्या चित्रांची वही नेली आणि पुढे ती चित्रे दूरचित्रवाणीवर पुरावा म्हणून दाखविण्यात आली. ज्या चित्रकाराची चित्रे भिंतीवर लावण्यास बंदी होती, त्याच्या मृत्यूनंतर सरकारने स्वतःच ती देशभर दाखविली. मेडू त्यानंतर मोडले.

ह्या घटनेला दोन आठवडे होतात न होतात, तोच २७ जून रोजी चौघे जण पोर्ट एलिझाबेथहून मोटारीने क्रॅडॉक ह्या आपल्या गावी निघाले, ते पोहोचलेच नाहीत. मॅथ्यू गोनिवे, फोर्ट कलाटा, स्पॅरो म्कोंतो आणि सिसेलो म्लाउली. त्यांची जाळलेली प्रेते नंतर सापडली. ह्यांतील गोनिवे हे क्रॅडॉकच्या सॅम खाली शाळेचे मुख्याध्यापक. विषय गणित आणि विज्ञान. कलाटा आणि म्लाउली हेही शिक्षकच. गोनिवे ह्यांनी वाढीव घरभाड्याविरुद्ध रहिवाशांची संघटना बांधली, तेव्हा १९८३ च्या अखेरीस शिक्षणखात्याने त्यांची बदली दुसऱ्या गावी केली. ही बदली शिक्षणासाठी नाही हे सर्वांनाच दिसत होते. गोनिवे गेले नाहीत. खात्याने त्यांना कामावरून काढले. आणि त्यांना परत आणा म्हणून विद्यार्थ्यांनी शाळेवर बहिष्कार घातला, तो वर्षाहून अधिक काळ चालला. पुढे १९९२ साली एक गुप्त लष्करी संदेश वृत्तपत्रातून उघडकीस आला. त्यात गोनिवे ह्यांना 'समाजातून कायमचे दूर करावे' अशी शिफारस होती. आम्ही सरकारी शाळेत तीस वर्षे घालविली. बदलीचे हुकूम घेतले, दिलेही. कागदावरची भाषा किती सभ्य आणि किती थंड असू शकते हे आम्हांला ठाऊक आहे. तरी त्या एका वाक्याने अंगावर काटा आला.

२० जुलै १९८५ रोजी क्रॅडॉकला चौघांची अंत्ययात्रा निघाली. हजारो माणसे दूरदूरच्या गावांहून बसगाड्या करून आली आणि त्याच रात्री सरकारने आणीबाणी पुकारली. त्या काळी अशा अंत्ययात्रा हीच मोठी सभा असे, कारण इतर सभांना बंदी होती. म्हणून मृत्यूची वार्ता आली की त्या छपाईकेंद्रांतून रात्रभर काम चाले. भिंतीवरचा कागद फाडता येतो. मग तोच चेहरा सदऱ्यावर छापायचा. प्रेताबरोबर चालणाऱ्या शेकडो तरुणांच्या छातीवर तोच चेहरा पाहून पोलिसांनी कोणाचा सदरा उतरवावा? पुढे पुढे तर काही ठिकाणी असे सदरे घालण्यावरही बंदी आली. गोनिवे आणि त्यांचे सोबती देशभर ओळखले गेले ते अशा कागदांवरून आणि सदऱ्यांवरून.

एक विनोदी प्रसंगही सांगावयास हवा, नाही तर हा लेख अगदीच काळाठिक्कर होईल. २ सप्टेंबर १९८९ रोजी केपटाउनमध्ये मोर्चावर पोलिसांनी जांभळ्या रंगाचे पाणी फवारले. रंग लागला तो पकडला, असा साधा हिशेब होता. तोच एक तरुण त्या गाडीवर चढला आणि त्याने नळी भलतीकडे वळविली. पांढऱ्याशुभ्र इमारती जांभळ्या झाल्या. १९५५ च्या स्वातंत्र्याच्या सनदेत राज्य जनतेचे असेल अशी घोषणा होती. लौकरच भिंतींवर कोणी लिहिले की राज्य जांभळ्यांचे असेल. इंग्रजीत 'पीपल' आणि 'पर्पल' ह्या शब्दांचे साधर्म्य पाहता ही कोटी आमच्या कोल्हटकर-गडकऱ्यांनाही आवडली असती.

११ फेब्रुवारी १९९० रोजी मंडेला तुरुंगातून बाहेर आले. जगभरच्या भित्तिपत्रकांवर इतकी वर्षे होता तो पंचेचाळिशीच्या आतला, भरल्या गालांचा, दाढी राखलेला माणूस. दारातून चालत आला तो एकाहत्तर वर्षांचा, उंच, कृश, पांढऱ्या केसांचा वृद्ध. त्याच वर्षी आपल्या सरकारने त्यांना भारतरत्न दिले.

आज त्या शहरांत चेहरे भिंतीवर आहेत, पण वेगळ्या रीतीने. जोहान्सबर्गच्या ब्राम्फोंतेन भागात २०१४ साली शेपर्ड फेअरी ह्या अमेरिकी चित्रकाराने एका उंच इमारतीच्या बाजूवर मंडेलांचे चित्र रंगविले. ओबामांच्या २००८ च्या निवडणुकीतील 'होप' हे चित्र ह्यांचेच. निमित्त जांभळ्या पाण्याच्या प्रसंगाला पंचवीस वर्षे झाल्याचे, म्हणून चित्रात जांभळा रंगही आहे. फेअरी आपल्या चित्रांच्या स्क्रीन प्रिंटिंगने काढलेल्या मोजक्या प्रती सही करून, क्रमांक घालून विकतात. रीत तीच, जाळी तीच, रबरी पट्टी तीच. फरक एवढाच, की जुन्या प्रतीवर क्रमांक नसे, कारण ती जितकी छापावी तितकी कमी पडे. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने २०१९ साली मेडूच्या भित्तिपत्रकांचे मोठे प्रदर्शन भरविले. फाडले जावे म्हणूनच जणू जन्मलेले कागद काचेमागे टांगले गेले. ह्यात अपमान झाला असे काही जण म्हणतात. आम्हांला तसे वाटत नाही. काचेमागे तरी ते वाचले. खंत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. दिवाणखान्यात लावायला मंडेलांचा सहीचा कागद मागणारे पुष्कळ आहेत. गोनिवे ह्यांचा मागणारा क्वचितच.

म्न्येले ह्यांच्या अस्थी २००४ साली बोट्स्वानातून आणून त्यांच्या देशात पुरण्यात आल्या. ॲमस्टरडॅममध्ये त्यांच्या नावाने आफ्रिकी चित्रकारांना राहून काम करता येईल अशी एक संस्था आहे. क्रॅडॉकच्या चौघांचे प्रकरण मात्र मिटलेले नाही. १९९४ साली एका न्यायाधीशाने हत्येचा ठपका सुरक्षादलांवर ठेवला, पण कोणा एकाला दोषी ठरविले नाही. सत्यशोधन आयोगापुढे काही पोलिसांनी माफी मागितली, ती बहुतेकांना मिळाली नाही, आणि तरीही खटला कोणावरच झाला नाही. जून २०२५ मध्ये तिसरी न्यायालयीन चौकशी सुरू झाली. तेव्हा ह्या हत्येला चाळीस वर्षे होत आली होती आणि संशयितांपैकी बहुतेक मरून गेले होते.